त्वचेच्या वाटेने लस : २०१३ ते २०२३

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य विभागाने एमआरएनए लशींच्या २२ प्रकल्पांचा सुमारे ५० कोटी डॉलरचा निधी काढून घेतला, तेव्हा त्याची झळ या एका जातीच्या लशींपुरती राहणार नाही, हे जाणकारांना उमगले. एमआरएनएसारखा नाजूक रेणू पेशीपर्यंत सुखरूप नेणारे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागांत मोजले जाणारे कण, सुईविना लस देण्याच्या संशोधनातही महत्त्वाचे वाहन आहेत. आणि या संशोधनाला पैसा मिळाला तो मुख्यतः महामारीच्या धाकाने.

त्वचेतून लस देण्याची कल्पना जुनी आहे. १८०२ साली मुंबईत पहिल्यांदा देवी काढल्या गेल्या, त्या कातडीवर ओरखडा काढूनच. विसाव्या शतकात दाबयुक्त फवाऱ्याची यंत्रे आली, परंतु एकच यंत्र अनेकांना वापरल्याने १९८०च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियात कावीळ-बीची लागण झाली आणि त्या पिढीतील यंत्रांवरचा विश्वास उडाला. पुढे ग्रेगरी ग्लेन यांच्या गटाने १९९८ मध्ये उंदरांच्या त्वचेवर नुसते द्रावण ठेवून प्रतिकारशक्ती जागवता येते हे दाखवले. मात्र त्यातून निघालेली, प्रवाशांच्या जुलाबावरची पट्टी २०१० मध्ये अंतिम चाचणीत अपयशी ठरली.

खरा अभ्यासण्याजोगा कालखंड त्यानंतरचा आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर, शृंगस्तर, जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो, तरीही साधारण ५०० डाल्टनहून जड रेणूला तो आत शिरू देत नाही, आणि लशीतील प्रथिने त्याहून कितीतरी पटींनी जड असतात. या थराखालीच लँगरहान्स पेशी पसरलेल्या असतात, ज्या परकीय पदार्थ टिपून प्रतिकारयंत्रणेला त्याची ओळख करून देतात; म्हणून स्नायूपेक्षा त्वचा हे लशीसाठी अधिक सजग ठिकाण मानले जाते. दार भक्कम आणि पहारेकरी लगेच आत, अशा या रचनेत रोमकूपांची, म्हणजे केस ज्यातून उगवतो त्या खळग्यांची, वाट शोधली गेली. बर्लिनमधील शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी २००६ मध्ये मानवी त्वचेवर दाखवले होते की ४० नॅनोमीटरचे कण रोमकूपांच्या वाटेने या पेशींपर्यंत पोहोचतात, ७५० आणि १५०० नॅनोमीटरचे पोहोचत नाहीत. सारब्रुकेन व ब्राउनश्वाइग येथील हेल्महोल्ट्झ संस्थांच्या गटांनी २०१३ मध्ये ही वाट लशीसाठी पारखली: शरीरात विरघळणाऱ्या बहुलकाच्या कणांवर कायटोसानचे, म्हणजे कोळंबीच्या कवचासारख्या पदार्थापासून मिळणाऱ्या द्रव्याचे, आवरण चढवले आणि त्वचेला कोठेही न दुखावता प्रतिजन रोमकूपात उतरवले.

बातम्यांनी लगेच चोळायची लस दाराशी आल्याचे चित्र रंगवले, आणि त्या चित्राने या शाखेचे मोठे नुकसान केले. रोमकूपांतून आत जाणारी मात्रा इतकी अल्प असते की प्रतिसाद वाढवणारे सहायक द्रव्य दिल्यावाचून लस लागू पडत नाही. ही मर्यादा संशोधकांनी स्वतः स्पष्ट नोंदवली होती. पण मलमाची स्वप्ने पाहिलेल्यांना धीर नव्हता, आणि लक्ष वेगाने विरघळत्या सूक्ष्मसुयांच्या पट्ट्यांकडे वळले. अटलांटा येथे १०० प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, आणि इन्फ्लुएन्झाची अशी पट्टी सुरक्षित व परिणामकारक दिसली. हे यश खरे होते, परंतु त्याच्या सावलीत रोमकूपांचे काम प्रयोगशाळेतच राहिले, याची खंत वाटणे रास्त आहे.

भारतापुरती या दशकाची कमाई महामारीत झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये अहमदाबादच्या झायडसच्या झायकोव्ह-डी या डीएनए लशीला आपत्कालीन मान्यता मिळाली. ती स्प्रिंगच्या दाबाने द्रवाची बारीक धार त्वचेत सोडणाऱ्या उपकरणाने दिली जाई, आणि सरकारी खरेदीत लशीला २६५ रुपये व उपकरणाला ९३ रुपये असा प्रति मात्रा दर ठरला. पुण्याच्या जिनोव्हाने एमआरएनए मेदाच्या नॅनोकणांवर बसवून, गोठवून वाळवलेली, २ ते ८ अंश सेल्सिअसला टिकणारी आणि सुईविना उपकरणाने त्वचेतच द्यायची जेमकोव्हॅक-ओएम ही लस सिद्ध केली. नॅनोकण, त्वचा आणि सुईविना उपकरण ही तिन्ही सूत्रे अखेर एका लशीत गुंफली गेली, आणि तीही महाराष्ट्रात. पण तिचे लोकार्पण झाले २४ जून २०२३ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केल्यानंतर सात आठवड्यांनी, जेव्हा लसीकरण केंद्रे ओस पडली होती.

भीती ओसरली की प्रश्नही ओसरतो, असे धोरणकर्त्यांनी गृहीत धरले, हा या कालखंडावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. भारतातील बालकांना पोलिओची अंशमात्रा, म्हणजे ०.१ मिलिलिटर, २०१६ पासून त्वचेतच दिली जाते. ती नेमक्या खोलीवर पडावी म्हणून आरोग्यसेविकेला रडणाऱ्या बाळाच्या दंडात सुई आडवी धरून बारीक फुगवटा उठवावा लागतो, आणि हात जरा चुकला तर मात्रा खाली उतरते. पाकिस्तानातील पोलिओ मोहिमांत हेच काम झायकोव्ह-डीसाठी वापरलेल्या उपकरणाने झाले आहे. महामारीत प्रौढांसाठी मात्रेमागे ९३ रुपये मोजणाऱ्या व्यवस्थेने सहा आठवड्यांच्या बाळासाठी तोच हिशेब अजून मांडलेला नाही.