चेहऱ्यामागील माणूस टिपणारी कला

छंदाला अभ्यासाची जोड मिळाल्यास तो जीवितकार्य कसा ठरतो, याचे उदाहरण म्हणजे छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) होत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात विज्ञानाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही काळ तेथेच अध्यापन केले. पुढे ‘लिंटास’ या जाहिरातसंस्थेत नोकरी केली. ती सांभाळून त्यांनी १९८० पासून चित्रपट-कलावंतांची छायाचित्रे घेतली आणि १९८७ मध्ये हाच पूर्णवेळ व्यवसाय पत्करला. १९९७ मध्ये ‘फेसेस’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

प्रकाशाची दिशा चेहऱ्यास उठाव देते. परंतु समोरची व्यक्ती मोकळी झाल्याविना तिचा स्वभाव छायाचित्रात उतरत नाही. आज भाईंदरलगतच्या गोडदेवसारख्या वस्तीतही विद्यार्थ्यांच्या हाती मोबाईलचा कॅमेरा आला आहे. यंत्र सुलभ झाले. प्रकाशाची जाण व माणसांविषयीची आस्था मात्र शिक्षकांनीच रुजवावयाची आहे.