मृदुकवच कासवांचें कुल

घाटंजीची वाघाडी नदी पैनगंगेस मिळते. पैनगंगेचें पाणी वर्धा व प्राणहिता यांच्या वाटेनें गोदावरींत जातें. या पाण्याच्या आश्रयानें राहणारें कासव सर्वांस ठाऊक आहे. परंतु सर्व कासवें एका जातीचीं नव्हत, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. उन्हाळ्यांत तळ्याचा गाळ काढतांना कधीं कधीं कुदळीखालीं चपटें, मऊ पाठीचें कासव निघतें. तें कोणत्या कुलांतील आणि त्याचें काय करावें, हें येथें थोडक्यांत सांगतों.

वर्गीकरणाची रीत आपल्या पिकांवरून सहज कळेल. देशी कपाशी व अमेरिकन कपाशी ह्या दोन निरनिराळ्या जाति, पण दोहोंची प्रजाति एकच. आणि भेंडीची प्रजाति वेगळी असली तरी तिचें कुल कपाशीचेंच. त्याचप्रमाणें सरीसृप वर्गांत सर्व कासवांचा मिळून टेस्टुडिनीस हा एक गण आहे. त्या गणांतील मृदुकवच कासवांच्या कुलास ट्रायोनिकिडी म्हणतात. तें नांव ट्रायोनिक्स या प्रजातीवरून पडलें. जॉफ्र्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८०९ सालीं योजिलेल्या या शब्दाचा अर्थ 'तीन नखांचें' असा आहे.

नांवाप्रमाणेंच लक्षण आहे. प्रत्येक पायाच्या पांच बोटांपैकीं तिघांसच नखें असतात. पाठीवर शिंगासारखे खवले नसून हाडांच्या ढालीवर कातडें ताणलेलें असतें. मान लांब व नाक लहानशा नळीसारखें असल्यामुळें अंग पाण्यांत ठेवून नुसतें नाक वर काढून श्वास घेतां येतो.

या कुलाचीं दोन उपकुलें आहेत व दोहोंचे प्रतिनिधि गोदावरीच्या खोऱ्यांत आहेत. पहिलें लिसेमिस पंक्टाटा. याच्या पोटाच्या कवचास मागील बाजूस कातड्याचे दोन पडदे असतात व मागचे पाय आंत ओढल्यावर ते झांकले जातात. हें तळीं, कालवे व भाताचीं खाचरें यांत राहतें आणि पाणी आटलें म्हणजे चिखलांत पुरून घेऊन पावसाची वाट पाहतें. दुसरें निल्सोनिया लीथाय. यास पडदे नसतात. हें मोठ्या नद्यांत राहतें व आकारानें पुष्कळ मोठें होतें. ग्रे यांनीं १८७२ सालीं याचें वर्णन केलें. आज ही जाति अत्यंत संकटांत आहे. २०२२ सालीं पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें भारताच्या प्रस्तावावरून तिच्या परदेशी व्यापारास कडक बंदी घातली.

आतां शेतकऱ्याचा संबंध पाहूं. हीं कासवें गोगलगाई, किडे, मासे व मेलेले प्राणी खातात. म्हणजे पाण्यांतील घाण नाहींशी करण्याचें काम फुकट होतें. उलट तीं सावकाश वाढतात. एक मोठें कासव मारल्यास त्याची भर लवकर निघत नाहीं.

म्हणून गाळांत निघालेलें कासव निजलेलें आहे, मेलेलें नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. त्याची मान लांब असून तें कडकडून चावतें, यास्तव तोंडाजवळ हात नेऊं नये. फावड्यानें उचलून त्याच तळ्याच्या ओलसर कडेस ठेवावें व वर चिखल लोटावा. उभ्या भिंतींच्या विहिरींत टाकूं नये, कारण तेथून त्यास बाहेर पडतां येत नाहीं. भरभराटीसाठीं घरांत कासव पाळण्याची समजूत निराधार आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हीं कासवें धरणें, मारणें व विकणें गुन्हा आहे. उन्हाळ्यांत गाळ काढण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं आपल्या गड्यांस एवढें सांगून ठेवावें, अशी आमची विनंति आहे.