आयातीची जकात आणि मोटार कामगाराची भाकरी

वरळी नाक्यावर संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहिले तर तऱ्हेतऱ्हेच्या मोटारी डोळ्यांखालून जातात. समुद्राकडून एखादी लांबलचक जर्मन नावाची गाडी येते. तिच्यामागे मारुतीची काळी-पिवळी टॅक्सी, आणि त्यांच्यामागे गर्दीने भरलेली बेस्टची बस. याच वरळीत महिंद्र कंपनीचे मोठे कार्यालय आहे. आणि बीडीडी चाळींतून एके काळी पहाटेच्या भोंग्याला माणसे बाहेर पडत, बरीचशी गिरण्यांत जाणारी, काही मोटारींच्या व यंत्रांच्या कारखान्यांत जाणारी. गाडी विकत घेणारा आणि गाडी बनवणारा यांचा एकमेकांशी संबंध काय, हे समजून घ्यावयास ही जागा वाईट नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या दारात मोटार नाही, आम्हाला काय त्याचे? पण ज्याने कांदा पिकवला आहे त्याला हा विषय लगेच कळेल. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, आणि ते शुल्क पुरते उठले ते १ एप्रिल २०२५ ला. या काळात लासलगावच्या बाजारात काय झाले ते मी सांगावयास नको. सरहद्दीवर बसवलेला कर एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घालतो. कांद्याच्या वेळी शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्ताई मिळाली आणि किंमत शेतकऱ्याने भरली. मोटारीवरची आयात जकात उलट्या दिशेने चालते. तिथे गिऱ्हाईक भरतो, आणि ते पैसे कारखान्याकडे जावेत अशी अपेक्षा असते. कारखान्यातल्या कामगाराकडे त्यांतले किती पोहोचतात, हा खरा प्रश्न.

आधी हिशेब समजून घेऊ. समजा, १० लाखांची तयार गाडी बंदरात उतरली आणि तिच्यावर शंभर टक्के जकात आहे. ती २० लाखांना पडली. आता तीच गाडी सुट्या भागांच्या रूपाने खोक्यांत भरून आणली आणि भागांवर जकात १५ टक्केच असली, तर भाग साडेअकरा लाखांना पडतील. ते येथे जोडण्याची मजुरी आणि खर्च धरूनही गाडी पुष्कळ स्वस्त होते. म्हणून कंपन्या येथे जुळणीचा कारखाना काढतात. वरळीच्या रस्त्यावरच्या ज्या गाड्यांना आपण 'इंपोर्टेड' म्हणतो त्यांतल्या अनेक पुण्याजवळच्या चाकणला जोडलेल्या असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उलट जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला कंपनीचे दुकान उघडले, तेव्हा तिथली गाडी शांघायहून तयार आली होती. अमेरिकेत सुमारे ४५ हजार डॉलरला मिळणारी ती गाडी येथे सुमारे ६० लाखांना झाली. मधला फरक मुख्यतः जकातीचा.

जुळणी आणि उत्पादन यांतला भेदही ध्यानात घेतला पाहिजे. जुळणीत स्क्रू आवळणे, रंग देणे, तपासणे ही कामे येथे होतात. इंजिन, गिअर, धुरा बाहेरून येतात. उत्पादनात लोखंड ओतण्यापासून काम येथेच होते, आणि एका मोठ्या कारखान्याभोवती शंभर लहान कारखाने उभे राहतात. पिंपरी-चिंचवडला गेलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

मुंबईत याची सुरुवात शिवडीला झाली. वरळीहून ज्या शिवडीकडे नवा उन्नत मार्ग आखला गेला, तीच शिवडी. तिथे १९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने जुळणीचा कारखाना काढला. फोर्डचीही जुळणी पुढे मुंबईत सुरू झाली. खोकी गोदीत उतरत, शिवडीत उघडली जात, आणि शेवरोलेट रस्त्यावर येई. पण या देशात मोटार बनवावी असे त्या कंपन्यांच्या मनात नव्हते, आणि इंग्रज सरकारच्याही नव्हते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९३० नंतरच्या दशकात मुंबईत मोटार कारखान्याची योजना मांडली. वालचंद हिराचंदांनी ती उचलली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. महायुद्ध सुरू होते, मोटारींची गरज होती, तरी दिल्लीने हात दिला नाही. अखेर १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली. महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली तीही त्याच सुमारास.

स्वतंत्र सरकारने मग दार लावून घेतले. १९४९ साली तयार मोटारींची आयात बंद झाली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितले की, ज्यांची येथे टप्प्याटप्प्याने गाडी बनवण्याची योजना असेल त्यांनीच राहावे, नुसत्या जुळणीवाल्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ साली निघून गेले. शिवडीच्या कामगारांची नोकरी गेली ती सरकारी धोरणाने, आणि त्याच धोरणाने कुर्ल्यात नव्या नोकऱ्या निर्माण केल्या. कुर्ल्यात मिळाले म्हणून शिवडीतल्याचे दुःख कमी होत नाही. धोरणाचा हिशेब मात्र बेरजेतच मांडला जातो.

प्रीमिअरने इटलीच्या फियाटशी करार केला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी काढली. हळूहळू तिचे बहुतेक सारे भाग देशातच होऊ लागले. फियाट नाव गेले, १९७० च्या दशकात 'प्रीमिअर पद्मिनी' हे नाव आले. ही कमाई लहान नव्हे. ज्या देशात पन्नास वर्षांपूर्वी मोटारीचा नटसुद्धा बाहेरून येत होता तिथे अख्खी गाडी होऊ लागली. पण भिंतीच्या आत जो बसतो त्याला सुस्ती येते, हेही खरे. इटलीत ज्या नमुन्याची गाडी १९६६ साली बंद पडली, तीच कुर्ल्यात शतक संपेपर्यंत निघत राहिली. किती गाड्या काढावयाच्या ते सरकारी परवाना ठरवी. १९६९ नंतर काही वर्षे किंमतही सरकारने बांधून दिली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गिऱ्हाईक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाही. नव्या गाडीपेक्षा जुनी महाग विकली जाई, कारण जुनी आज मिळे.

आता कामगाराकडे येऊ. ज्या कारखान्याची गाडी बनण्याआधीच विकली गेलेली असते, तिथे एक दिवस काम थांबले तरी मालकाला ते जड जाते. त्यामुळे कामगार संघटनेचे बोलणे ऐकून घेतले जाते. मुंबईच्या इंजिनिअरिंग कारखान्यांतल्या संघटना जोरदार झाल्या त्याचे हे एक कारण. दुसरे कारण कायद्यात होते. कापड गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यात सबंध मुंबईच्या गिरण्यांसाठी एकच मान्य संघटना. वरळी-परळच्या गिरणी कामगाराला ती आवडो न आवडो, बोलणी तीच करणार. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला त्याच्या मुळाशी हाही राग होता. मोटार कारखान्यांना १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता, आणि त्यात एकाच कारखान्यात दोन संघटना चढाओढ करू शकत.

कुर्ल्यात तसेच झाले. इंजिनिअरिंग मझदूर सभा आणि असोसिएशन ऑफ इंजिनिअरिंग वर्कर्स अशा दोन संघटना होत्या. ठरलेल्यापेक्षा अधिक काम झाले तर अधिक वेतन, अशी प्रोत्साहन योजना होती. १९७१ साली व्यवस्थापनाने असोसिएशनशी नवा करार केला. सभेच्या कामगारांचे म्हणणे, हा करार आमच्यावर कसा लादता? ते मुंबईच्या दिवाणी न्यायालयात गेले. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जो हक्क औद्योगिक कायद्यानेच निर्माण केला आहे, त्याची दाद त्याच कायद्याच्या वाटेने मागावी. दिवाणी न्यायालयात नव्हे. निकाल प्रसिद्ध आहे, वकिलीच्या विद्यार्थ्यांना तो शिकवतात. कामगाराच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ असा झाला की, तुमचे भांडण औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचे की नाही हे सरकार ठरवणार, आणि तोवर तुम्ही थांबावयाचे. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्या कामगारांना बांधतो आणि बाहेर खासगीत झालेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो, हा फरकही त्या काळात कामगारांना पाठ झाला होता. माझ्या मते शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना हा धडा असावयास हवा.

मग कुर्ल्याचा कारखाना बुडाला कशाने? परदेशी गाड्यांनी, असे अजूनही काही जण सांगतात. ते बरोबर नाही. तयार परदेशी गाडी त्या काळात सामान्य गिऱ्हाइकाला मिळतच नव्हती. परदेशी वकिलातीतल्या लोकांनी वापरलेल्या गाड्या सरकारी व्यापार महामंडळ विकी, तेवढेच. कुर्ल्याला घाव बसला तो घरातून. डिसेंबर १९८३ मध्ये हरियाणातल्या गुडगावहून मारुती ८०० निघाली. कंपनी सरकारची, जपानच्या सुझुकीचा वाटा २६ टक्के, आणि सुरुवातीला सुट्या भागांची आयात सवलतीच्या जकातीने. भिंत बाहेरून पडली नाही, आतल्या आत एक नवे दार उघडले. १९९३ साली मोटारींसाठी परवान्याची अट गेली. प्रीमिअरने प्युजोबरोबर कल्याणजवळ नवी गाडी काढून पाहिली, ते १९९७ पर्यंत आटोपले. पुढे कुर्ल्याच्या जागेवर घरांचे संकुल उभे राहिले. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती; वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली.

अमेरिकेतही असाच अनुभव आला. तिथल्या मोटार कामगारांची संघटना फार बलाढ्य. जपानी गाड्यांनी बाजार घेतला तेव्हा १९८१ साली जपानने वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्याच पाठवण्याचे कबूल केले. जपानी कंपन्यांनी काय केले, तर अमेरिकेतच कारखाने काढले. होंडाची गाडी १९८२ साली ओहायोत तयार होऊ लागली. नोकऱ्या आल्या, पण त्यांतल्या बहुतेक कारखान्यांत संघटनेला पाऊल टाकता आले नाही. आयात अडवून कारखाना आणता येतो. त्यात कामगाराची बाजू कोण मांडणार, हे जकातीच्या कागदावर लिहिलेले नसते.

आपल्याकडचा ताजा दाखला तळेगावचा. १९५४ साली गेलेली जनरल मोटर्स पुन्हा भारतात आली आणि २००८ साली तिने पुण्याजवळ तळेगावला कारखाना उघडला. आयात जकातीची भिंत तेव्हाही उंच होती. तरी गाड्या खपेनात. २०१७ च्या अखेरीस देशातली विक्री थांबली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद झाले. हजाराच्या घरातले कायम कामगार बाहेर राहिले. त्यांच्या संघटनेने न्यायालयांत दाद मागितली, उपोषणे केली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाई कंपनीशी विक्रीचा करार झाला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा. यंत्रे मोजून घेतली गेली. यंत्रांवर उभे राहणारे हात त्या यादीत नव्हते.

हे सांगावयाचे आज कारण असे की, जकातीची भिंत पुन्हा हलू लागली आहे. २४ जुलै २०२५ ला इंग्लंडशी व्यापार करार झाला. त्यात मोटारींवरची शंभर टक्क्यांवरची जकात ठरावीक संख्येपुरती १० टक्क्यांपर्यंत उतरावयाची आहे. संख्या ठरावीक आहे, गाड्या बहुतेक महागड्या आहेत. चाकण किंवा नाशिकच्या कामगाराने उद्याच घाबरून जावे असे त्यात नाही. त्याने अधिक लक्षपूर्वक वाचावी ती दुसरी बातमी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात शंभर कामगारांपासून लागू होती, ती आता तीनशेंपासून लागू आहे. अनेक संघटना असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार जिच्याकडे, तीच एकटी बोलणी करणार. आणि मोटारींच्या पट्ट्यात कंत्राटदारामार्फत आलेले, शिकाऊ म्हणून घेतलेले कितीतरी तरुण कारखान्याच्या हजेरीपटावर नसतातच.

तळेगावच्या त्याच आवारातून २०२५ मध्ये पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या आहेत, आता ह्युंदाईच्या नावाने. आपल्या गावातला एखादा आयटीआय झालेला मुलगा तिकडे किंवा चाकणला निघाला असेल, तर त्याच्या हाती पडणारे नेमणूकपत्र कंपनीचे आहे की कंत्राटदाराचे, हे शिक्षकांनी त्याच्याबरोबर बसून एकदा वाचावे.