मृत्युपत्रात नसलेली माणसं

अमेरिकेची पहिली जनगणना १७९० साली झाली, पण तिच्यात नाव लिहिलं गेलं ते फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायको, मुलं, म्हातारी आई ही सगळी नुसत्या आकड्यांत. घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव जनगणनेत यायला १८५० साल उजाडावं लागलं. न्यू इंग्लंडमधल्या गावांनी जन्म आणि लग्नं बऱ्यापैकी टिपून ठेवली. दक्षिणेकडे तेवढंही झालं नाही. व्हर्जिनियात जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली ती १८५३ मध्ये. त्यामुळे अठराव्या शतकातल्या एखाद्या शेतकऱ्याला मुलं किती, लेकी कुठे दिल्या, विधवा पुढे कुणाच्या आधाराने जगली, हे शोधायचं तर सगळ्यात भरवशाचे कागद कोर्टातले : तो गेल्यावर त्याच्या मालमत्तेचं काय झालं, याचे.

शोध घेणारे बरेच जण मृत्युपत्र सापडलं की थांबतात. त्यात ज्यांची नावं तीच त्याची मुलं असं धरून वंशवृक्ष काढतात. असं करू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं. मृत्युपत्रापासून कागदांची नुसती सुरुवात होते, आणि ज्यांची नावं त्यात नाहीत ती माणसं पुढच्या कागदांत भेटतात.

आधी काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, ठरवायची, कारण मृताच्या मालमत्तेचं काम बहुतेक ठिकाणी काउंटीच्या कोर्टात चाले. इथे एक अडचण हमखास येते. माणूस जागचा हलत नाही, पण काउंटीची हद्द हलते. उत्तर व्हर्जिनियात १७३१ साली प्रिन्स विल्यम काउंटी वेगळी झाली, १७४२ साली तिच्यातून फेअरफॅक्स निघाली आणि १७५७ साली फेअरफॅक्समधून लाउडन. तेव्हा एकाच शेतावर बापाची नोंद प्रिन्स विल्यमला, मुलाची फेअरफॅक्सला आणि नातवाची लाउडनला असू शकते. काही वसाहतींची तऱ्हा वेगळी होती : मेरिलँडमध्ये १७७७ पर्यंत हा कारभार एका मध्यवर्ती न्यायालयाकडे होता, त्यामुळे तिथे काउंटीबरोबर त्या न्यायालयाचं दप्तरही चाळावं लागतं.

आता क्रम पाहू. माणूस गेला की मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक ते कोर्टात घेऊन जाई. साक्षीदार शपथेवर सांगत की सही आमच्यासमोर झाली, मग कारकून ते वहीत उतरवून घेई. आपल्याला बहुधा दिसते ती ही वहीतली नक्कल. मूळ कागद सापडला तर तोही पाहावा, कारण कारकुनाच्या हातून नावं चुकत. मृत्युपत्र लिहिल्याची तारीख आणि कोर्टात सिद्ध झाल्याची तारीख, या दोहोंच्या मध्ये मृत्यू असतो. १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखांपुढे १७३१/३२ असं जोडवर्ष दिसलं तर गोंधळून जाऊ नये.

मृत्युपत्र वाचताना त्या वसाहतीचा वारसाकायदा शेजारी उघडा ठेवावा. व्हर्जिनियात १७८५ च्या कायद्याने पद्धत बदलेपर्यंत मृत्युपत्राविना मेलेल्याची सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. म्हणून पुष्कळ बाप मृत्युपत्रात धाकट्यांची सोय लावत आणि थोरल्याचं नावही घेत नसत. त्याला जे मिळायचं ते कायद्यानेच मिळणार होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्याला दुप्पट वाटा असे. लग्नात हिस्सा घेऊन गेलेल्या लेकीच्या नावे फक्त एक शिलिंग लिहिलेला दिसतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं बापाने तिला टाकलं. बहुतेक वेळा तिचं देणं आधीच देऊन झालेलं असे. शब्दही जपून वाचावेत. तेव्हा ‘सन-इन-लॉ’ म्हणजे सावत्र मुलगाही असे, ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाची, आणि बाप मेलेल्या मुलाला आई जिवंत असूनही ‘ऑर्फन’ म्हणत.

जॉर्ज वॉशिंग्टनचं घराणं यासाठी उत्तम उदाहरण आहे. त्याचे वडील ऑगस्टीन एप्रिल १७४३ मध्ये वारले, तेव्हा जॉर्ज ११ वर्षांचा होता. मृत्युपत्रात लॉरेन्सला पोटोमॅक नदीकाठची, पुढे माउंट व्हर्नन म्हणून प्रसिद्ध झालेली जमीन मिळाली आणि जॉर्जला फ्रेडरिक्सबर्गसमोरचं शेत. दोघेही ‘मुलगे’च. पण लॉरेन्स पहिल्या बायकोचा आणि जॉर्ज दुसरीचा. विधवेचं नाव वाचून तीच सगळ्या मुलांची आई असं मानलं, तर पहिली बायको जेन बटलर वंशवृक्षातून पुसली जाते.

लॉरेन्स १७५२ साली गेला. माउंट व्हर्नन मुलगी सारा हिच्याकडे, विधवेला तिच्या हयातीपुरता हक्क, आणि सारा निपुत्रिक गेली तर पुढे जॉर्जकडे, अशी त्याची व्यवस्था होती. सारा १७५४ साली लहानपणीच वारली. त्यानंतर जॉर्जने जागा भाडेपट्ट्याने घेतली ती ॲन ली हिच्याकडून. ही ॲन म्हणजेच लॉरेन्सची विधवा; तिने जॉर्ज ली याच्याशी दुसरं लग्न केलं होतं. ती १७६१ साली गेल्यावर जॉर्ज मालक झाला. ॲन वॉशिंग्टन एवढंच नाव धरून शोधणाऱ्याला ही बाई १७५२ नंतर सापडणारच नाही. त्या काळी विधवांची लग्नं लवकर होत, म्हणून पतीच्या मिळकतीच्या हिशेबांत तिचं नवं आडनाव शोधायचं.

मृत्युपत्र नसेल तर निराश व्हायचं कारण नाही. उलट कागद जास्त निघतात. कोर्ट प्रशासक नेमी, आणि त्यात पहिला मान विधवेचा. प्रशासक जामीनपत्र लिहून देई, त्यावर जामीनदारांच्या सह्या असत. हे जामीनदार कोण ते जरूर तपासावं. बायकोचा भाऊ किंवा जावई तिथे वारंवार भेटतो. मग कोर्टाने नेमलेले तीन-चार शेजारी घरी येऊन वस्तूंची किंमत करत. पिसांची गादी, लोखंडी भांडी, गाय-वासरू, जुनं बायबल, तुटका नांगर, सगळं एकेक करून लिहिलेलं असे. पाठोपाठ लिलावाची यादी येते, आणि माझ्या मते सगळ्यात बोलका कागद तोच. घरातलं सामान विकत घेणाऱ्यांत बरेचदा घरचेच असत. विधवा आपलीच चूल-भांडी पैसे मोजून परत घेताना दिसते, आणि अनोळखी आडनावाचा कुणी चरखा घेऊन गेला असेल तर तो लेकीचा नवरा तर नाही ना, हे पाहावं.

मार्था वॉशिंग्टनचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ साली मृत्युपत्र न करताच गेला. इंग्रजी कायद्याने विधवेला एक तृतीयांश, तोही हयातीपुरता. बाकी दोन मुलांचं. मार्थाने १७५९ साली जॉर्जशी लग्न केलं, तो मुलांचा पालक झाला आणि दरवर्षी कोर्टाला हिशेब देऊ लागला. लंडनहून मागवलेले कपडे आणि खेळणी मुलांच्या नावावर मांडलेली त्यात सापडतात. सामान्य घरांचे पालक-हिशेब एवढे थाटाचे नसतात, पण जोडे, शाळेची फी, जेवणखर्च यांच्या नोंदींतून मूल वाढताना दिसतं. हिशेब बंद झाला की समजावं, बहुधा मुलगा २१ वर्षांचा झाला किंवा मुलीचं लग्न झालं. शेवटच्या वाटणीच्या पावत्यांवर तर जावयांच्या सह्याच असतात.

मार्थाच्या या एक तृतीयांश हिश्शात जमिनीबरोबर माणसंही होती, हे इथे सांगितलंच पाहिजे. गुलाम स्त्री-पुरुषांची नावं मालकाच्या याद्यांत गुराढोरांच्या शेजारी किमतीसकट लिहिली जात. त्यांच्या वंशजांना १८७० च्या जनगणनेमागे जायचं तर मुख्य वाट याच याद्यांतून आहे. १७९९ साली वॉशिंग्टनने केलेल्या यादीत माउंट व्हर्ननवरच्या ३१७ जणांची नोंद आहे. त्यांतले १२३ त्याच्या मालकीचे, १५३ कस्टिस मिळकतीचे. बऱ्याच जणांपुढे काम, वय आणि जोडीदार कुठे आहे तेही लिहिलंय. आयझॅक नावाचा सुतार वॉशिंग्टनच्या वाट्याचा होता, त्याची बायको किटी कस्टिस हिश्शातली. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्रामुळे आयझॅक मुक्त झाला. किटी आणि तिच्या मुली झाल्या नाहीत. १८०२ साली मार्था गेल्यावर कस्टिस हिश्शातली माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. ही ताटातूट फक्त मृत्युपत्र वाचून कळत नाही. त्यासाठी १७५७ ची मिळकत, १७९९ ची यादी आणि १८०२ ची वाटणी अशी ओळीने वाचावी लागते. अशा घराण्यांच्या शोधात मालकाच्या लेकींची लग्नंसुद्धा तपासावी लागतात, कारण माणसं हुंड्याबरोबर दुसऱ्या काउंटीत जात.

कागद नष्टही झालेत. सुरक्षित राहावीत म्हणून व्हर्जिनियातल्या अनेक काउंट्यांनी रिचमंडला पाठवलेली दप्तरं एप्रिल १८६५ च्या आगीत जळली. काही पळवलेही गेले : फेअरफॅक्सच्या कोर्टातून यादवी युद्धात नेलेलं मार्थाचं मृत्युपत्र १९१५ मध्ये परत आलं. दप्तर जळालेल्या ठिकाणी शेजारची काउंटी, करयाद्या आणि वारसांनी एकत्र सह्या करून जमीन विकल्याची खरेदीखतं पाहायची. बिनलग्नाच्या काका-आत्यांची मृत्युपत्रं विशेष शोधावीत; त्यांना स्वतःची मुलं नसल्याने ते भाचे-पुतणे नावानिशी सांगतात. जमिनीच्या वाटणीचे तंटे व्हर्जिनियात चॅन्सरी कोर्टात जात आणि त्यांत कधीकधी तीन पिढ्या एका अर्जात मिळतात. त्यांची सूची लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर आता जुन्या हस्तलिखित मृत्युपत्रांचा आणि खरेदीखतांचा आतला मजकूरही शोधता येतो. पूर्वी सूचीत फक्त मृताचं नाव असे. आता साक्षीदार, जामीनदार, लिलावात चरखा घेणारा, अशी कुठल्याही ओळीतली नावं सापडू शकतात. म्हणून तिथे पूर्वजाचं नाव घालून झालं की त्याच्या जावयांची, शेजाऱ्यांची आणि जामीनदारांची नावंही एकेक करून घालावीत, आणि दर वेळी स्पेलिंग बदलून पाहावं.