लॅपटॉपचा आवाज तुटतोय? दुकानात जाण्याआधी एवढं तपासा

बारावीच्या वर्गात आमची एक विद्यार्थिनी आहे. हुशार आणि मेहनती. सीईटीच्या तयारीसाठी ती घरी लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ऐकते. दिवाळीनंतर तिचे भौतिकशास्त्राचे गुण घसरू लागले. आम्ही तिला वर्गात, सगळ्यांसमोर, दोनदा विचारलं, "लेक्चर ऐकतेस की नुसतं लावून ठेवतेस?" ती मान खाली घालून उभी राहिली.

तिसऱ्यांदा ती स्वतःच स्टाफरूममध्ये आली. म्हणाली, "सर, ऐकते. पण आवाज तुटतो. व्हेलॉसिटी म्हणाले की व्होल्टेज, तेच कळत नाही." एक तासाचं लेक्चर मागे-पुढे करत ऐकायला तिला अडीच तास लागत होते. दुकानदाराने सांगितलं होतं की मदरबोर्ड गेला, दुसरा लॅपटॉप घ्या. वडील रिक्षा चालवतात. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या फीसाठी ठेवलेली भिशी ते आता लॅपटॉपसाठी उचलणार होते.

आम्ही म्हटलं, शनिवारी लॅपटॉप शाळेत घेऊन ये. तासाभरात आवाज नीट झाला. खर्च शून्य. तेव्हा काय तपासलं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे लिहीत आहोत. तिच्यासारखी मुलं बऱ्याच घरांत असतील.

बाकी सगळं चालतं, मग आवाजच का तुटतो?

छतावरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. खाली नळ सतत चालू आहे आणि मोटर अधूनमधून टाकी भरते. मोटरला जरा उशीर झाला की नळ फुसफुसतो, हवा मारतो. लॅपटॉपमध्ये आवाजाचं असंच असतं. व्हिडिओच्या आवाजात साधारणपणे दर सेकंदाला ४८,००० नमुने असतात. प्रोसेसर ते थोडे थोडे तयार करून एका छोट्या टाकीत टाकतो. या टाकीला बफर म्हणतात. विंडोजमध्ये हा भरणा साधारण दर १० मिलिसेकंदांनी होतो, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात ४८० नमुने. ती वेळ चुकली की टाकी रिकामी होते आणि कानाला 'टक्' किंवा 'खर्र' ऐकू येतं.

चित्राची एखादी फ्रेम गळली तर डोळ्याला पत्ता लागत नाही. कान मात्र लगेच पकडतो. वर्डची फाइल अर्धा सेकंद उशिरा उघडली तर आपण तक्रार करत नाही. म्हणून लॅपटॉपवर कुठेही ताण आला की तो बहुतेक वेळा आधी आवाजात कळतो. यात स्पीकरचा दोष क्वचितच असतो आणि मदरबोर्डचा तर फारच क्वचित.

इथे एक गोष्ट आम्हा शिक्षकांनी लक्षात ठेवायला हवी. ज्या भाषेत आपण लहानाचे मोठे झालो, त्या भाषेतला तुटलेला शब्द मन आपोआप जोडून घेतं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेलं मूल इंग्रजी लेक्चर ऐकत असेल तर त्याला तसं जोडता येत नाही. शब्द तुटला की त्याच्यासाठी वाक्यच गेलं. मग मुलाला वाटतं, आपलंच डोकं चालत नाही.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

आजार ओळखल्याशिवाय औषध नको. या चार चाचण्यांना दहा मिनिटं लागतात.

१. तीच फाइल मोबाइलवर ऐका. तिथेही खरखर असेल तर रेकॉर्डिंगच खराब आहे. लॅपटॉपला दोष देऊ नका.

२. लेक्चर डाउनलोड करून इंटरनेटशिवाय लावा. ऑनलाइन ऐकताना चित्र थांबून गोल चक्र फिरत असेल तर ती नेटची अडचण आहे. चित्र चालू असताना आवाज फाटत असेल तर अडचण मशीनमध्ये आहे.

३. वायरचा इअरफोन लावा. त्यात आवाज स्वच्छ आला तर शंका स्पीकरवर किंवा ब्लूटूथवर घ्या. फक्त मोठ्या आवाजात खरखर होत असेल तर बहुधा स्पीकरचा पडदा फाटला आहे. वायरचा इअरफोन वापरा, काम भागेल.

४. एकदा चार्जर लावून ऐका, एकदा काढून. बॅटरीवर असताना लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. चार्जरवर ठीक आणि बॅटरीवर तुटत असेल तर सेटिंगमध्ये पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा.

या चाचण्यांआधी लॅपटॉप एकदा 'रीस्टार्ट' करा. 'शटडाउन' नव्हे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावरही आतली जुनी अवस्था जपून ठेवली जाते आणि अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहते. रीस्टार्टने खरी नवी सुरुवात होते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा आमचा अनुभव आहे.

मशीन कुठे दमतंय?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. लेक्चर चालू ठेवा आणि आवाज तुटतो त्या क्षणी आकड्यांकडे बघा.

सीपीयू १०० टक्क्यांजवळ असेल तर वर कोणता प्रोग्राम आहे ते पाहा. ब्राउझर असेल तर नको असलेले टॅब बंद करा आणि व्हिडिओची क्वालिटी १०८० वरून ४८० वर आणा. हल्लीचे ऑनलाइन व्हिडिओ नव्या पद्धतीने दाबलेले असतात. जुन्या लॅपटॉपमध्ये ते उलगडायची वेगळी सोय नसते, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. फळ्यावरचं अक्षर ४८० लाही वाचता येतं.

'ऑडिओ डिव्हाइस ग्राफ आयसोलेशन' हे नाव यादीत वर दिसत असेल तर ते व्हायरस नाही. विंडोज आवाजावर जी सजावट करतं, तिचं हे काम आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग, सिस्टिम, साउंड असं जाऊन आपला स्पीकर निवडा आणि 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' ऑफ करा. लेक्चर ऐकायला या सजावटीची काही गरज नाही.

मेमरी ९० टक्क्यांवर किंवा डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडते आहे किंवा जुनी हार्ड डिस्क धापा टाकते आहे. तिचं पुढे बघू.

लॅपटॉप गरम लागतो का, तेही पाहा. गादीवर, रजईवर ठेवून वापरला की खालची जाळी बंद होते. आत धूळ साचलेली असते. गरम झाला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि वीस मिनिटांनी आवाज तुटायला लागतो. लाकडी पाट किंवा टेबल वापरा. जाळीवरची धूळ बंद लॅपटॉपवर मऊ ब्रशने काढा.

ब्लूटूथची एक खोड

अनेक मुलं सांगतात, "गाणं छान ऐकू येतं, पण ऑनलाइन क्लास सुरू झाला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो." बहुतेक ब्लूटूथ हेडफोन एकाच वेळी चांगला आवाज आणि माइक दोन्ही चालवू शकत नाहीत. क्लासच्या ॲपने हेडफोनचा माइक पकडला की जोडणी फोन कॉलच्या दर्जावर उतरते. ॲपच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा. आवाज बहुधा पूर्ववत होतो. शिवाय ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात चालतात आणि एकमेकांत अडथळा आणतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर ती वापरा.

ड्रायव्हर : आमच्या विद्यार्थिनीचा खरा दोष

तिच्या लॅपटॉपवर आम्ही हे सगळं बघितलं. सीपीयू ३० टक्क्यांच्या आसपास, डिस्क शांत, मशीन थंड. तरी आवाज फाटतच होता. मग डाउनलोड केलेलं लेक्चर लावून वायफाय बंद केलं. आवाज एकदम स्वच्छ. वायफाय चालू केलं, परत खरखर.

लॅपटॉपच्या प्रत्येक भागाला चालवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. वायफाय, ग्राफिक्स, बॅटरी यांचे ड्रायव्हर अधूनमधून प्रोसेसरला "आधी माझं काम" म्हणून थांबवतात. चांगला ड्रायव्हर क्षणात बाजूला होतो. बिघडलेला किंवा जुना ड्रायव्हर रांगेत अडून बसतो आणि तेवढ्यात आवाजाची टाकी रिकामी होते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू मोकळा दिसला तरी हे घडू शकतं. कोणता ड्रायव्हर अडतो ते 'लेटन्सीमॉन' हा मोफत प्रोग्राम दाखवतो.

आम्ही लॅपटॉपच्या खालचा मॉडेल नंबर वाचला, बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून वायफायचा नवा ड्रायव्हर घेतला, टाकला आणि रीस्टार्ट केलं. खरखर गेली.

तुमच्याकडे एखाद्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघा. आवाजाचाच ड्रायव्हर संशयित असेल तर तो अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. विंडोज बहुतेक वेळा स्वतःचा साधा ड्रायव्हर लावून घेतं. त्याआधी महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.

एक सावधगिरी घ्या. "तुमचे २७ ड्रायव्हर खराब आहेत, इथे क्लिक करा" अशा जाहिरातींना भुलू नका. ड्रायव्हर फक्त कंपनीच्या साइटवरून किंवा विंडोज अपडेटमधून घ्यावा.

खर्च कधी करावा?

डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवणं हा सर्वांत उपयोगी खर्च. मेमरी भरत असेल तर ४ जीबीची रॅम ८ जीबी करावी. पण काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती वाढवता येत नाही. आधी मॉडेल नंबर दाखवून विचारून घ्या. ही दोन्ही कामं नव्या लॅपटॉपपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतात.

सगळं करूनही आवाज तुटत असेल तर दुकानात जरूर जा. सगळे दुकानदार फसवणारे नसतात. पण गर्दीत प्रत्येक लॅपटॉपला तासभर देणं त्यांना जमत नाही. म्हणून कोणती चाचणी केली आणि काय दिसलं ते कागदावर लिहून न्या. "आवाज खराब आहे" असं सांगितलं तर उत्तरही मोघमच मिळतं. "वायफाय बंद केलं की ठीक होतो" असं सांगितलं तर त्यालाही दोष सापडायला सोपं जातं.

पालकांना आमची विनंती आहे की मूल हेडफोन काढून वैतागलं तर एकदा तो स्वतःच्या कानाला लावून बघा. मोहल्ल्यातल्या इंजिनिअरिंगच्या, आयटीआयच्या मुलांनी महिन्यातला एक रविवार शेजारच्यांचे लॅपटॉप तपासायला दिला तरी कितीतरी घरांचे पैसे वाचतील.

त्या सोमवारी आम्ही वर्गात तिची माफी मागितली. ज्या वर्गासमोर बोललो होतो, त्याच वर्गासमोर. वडिलांनी भिशी उचलली नाही. ती प्रवेशाच्या फीसाठी तशीच ठेवली आहे.