वायफायचं नाव लपवून काय साधतं?

"माझ्या वायफायमध्ये कुणाला काय रस असणार?" हा सगळ्यांत जुना गैरसमज. २६ जुलै २००८ला अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या बिनपासवर्डच्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. पाठवणाऱ्याला दुसऱ्याच्या नावावरचं कनेक्शन हवं होतं, एवढंच.

नेटवर्कचं नाव लपवलं की झालं, असंही अनेकांना वाटतं. राउटर गप्प बसला, तरी जोडणी करताना आपला फोन ते नाव उघडपणे सांगतोच, आणि ते टिपणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. ठरावीक उपकरणांनाच मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या ओळखक्रमांकावरून, आत घेण्याची युक्तीही लंगडीच. तो पत्ता एन्क्रिप्ट होत नाही, त्यामुळे त्याची सहज नक्कल करता येते.

"पासवर्ड आहे ना!" खरी मेख इथे आहे. १९९७ची डब्ल्यूईपी ही एन्क्रिप्शन पद्धत २००१मध्येच कमकुवत ठरली आणि २००७मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी ती मिनिटाभरात फोडून दाखवली. तिथे पासवर्ड कितीही किचकट ठेवा, उपयोग शून्य. २००४मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए२चं उलट आहे: त्यातलं एईएस एन्क्रिप्शन भक्कम, कच्चा असतो तो आपला पासवर्ड. जोडणीच्या वेळचे संदेश एकदा टिपले, की राउटरला पत्ता लागू न देता घरी बसून पासवर्ड ताडत राहता येतं. स्वतःचा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत. असे सगळे नंबर ताडून बघणं हे ताकदवान ग्राफिक्स कार्डाला काही तासांचं काम. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडा. ६३ अक्षरांपर्यंत जागा आहे. २०१८च्या डब्ल्यूपीए३मध्ये प्रत्येक अंदाज राउटरलाच विचारावा लागतो, म्हणून राउटरमध्ये तो पर्याय असेल तर तोच निवडा. जुना प्रिंटर अडून बसला, तर एईएससह डब्ल्यूपीए२.

पासवर्डाऐवजी पिन टाकून उपकरण जोडण्याची राउटरमधली सोय, म्हणजे डब्ल्यूपीएसची पिन-जोडणी, मात्र बंदच करा. पिन ८ अंकी असली तरी ती दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून निघतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते, हे २०११मध्येच उघड झालं.

एन्क्रिप्शनमुळे नेट मंदावतं म्हणतात. मंदावतं ते डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतींमुळे: ते निवडलं की वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. एईएसचं काम राउटरमधली चिपच करते.