गुलकंदाला कुठलाही गुलाब चालत नाही

पानशेत-वरसगावच्या आसपास पुणेकरांची फार्महाऊस झाली आणि अंगणात गुलाबही आले. उन्हाळा लागला की घरचा गुलकंद घालायचा विचार हमखास निघतो. पाकळी गुणाची आहे. तिच्याभोवतीचे काही समज मात्र चुकीचे आहेत.

गैरसमज : कुठल्याही गुलाबाचा गुलकंद होतो.
वस्तुस्थिती : त्यासाठी सुवासिक गावठी गुलाब लागतो, पातळ पाकळ्यांचा, दमास्क जातीचा. मावळात पॉलीहाऊसमध्ये पिकणारा लांब दांड्याचा डच गुलाब फुलदाणीत टिकावा म्हणून तयार केलेला आहे. त्याला वास कमी, शिवाय भुरी रोग आणि किडीसाठी त्यावर फवारण्या होतात. बुके सुकला म्हणून त्याच्या पाकळ्या खाऊ नयेत.

गैरसमज : साखर कमी घातली की गुलकंद जास्त औषधी होतो.
वस्तुस्थिती : साखरेमुळेच तो टिकतो. सकाळी तोडलेल्या फुलांच्या पाकळ्या देठ काढून, पुसून कोरड्या कराव्यात. काचेच्या बरणीत पाकळ्या आणि कुटलेली खडीसाखर समभाग, थरावर थर घालावी, तोंडाला फडके बांधून दोन-तीन आठवडे ऊन द्यावे आणि कोरड्या चमच्याने अधूनमधून हलवावे. फेस आला, आंबूस वास सुटला तर तो टाकून द्यावा. पानशेतच्या पावसाळी, दमट हवेत हा खटाटोप करू नये. कडक उन्हाचे दिवस निवडावेत.

गैरसमज : गुलकंद थंड, म्हणून मधुमेहींनाही चालतो.
वस्तुस्थिती : गुलकंदाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग साखरच असतो. खडीसाखर झाली तरी तीही साखरच. आणखी एक काळजी : मध घातलेला गुलकंद वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच देऊ नये.

गैरसमज : गुलकंदाने पित्त कायमचे जाते.
वस्तुस्थिती : ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात शतपत्री, म्हणजे गुलाब, शीत आणि पाचक सांगितला आहे. गुलकंदाची परंपरा मात्र मुख्यतः युनानी वैद्यकातली. उन्हाळ्यात दुधातून चमचाभर गुलकंद घेतला की अनेकांना बरे वाटते, पोटही हलके साफ होते. पण छातीत वारंवार जळजळ, काळे शौचास होणे, घटणारे वजन ही लक्षणे दिसली तर डॉक्टरच गाठावा.

गैरसमज : डोळे आले की गुलाबपाणी घालावे.
वस्तुस्थिती : डोळ्यात घालायचे औषध निर्जंतुकच हवे. बाजारातले किंवा घरी उकळलेले गुलाबपाणी तसे नसते. त्याने जंतुसंसर्ग वाढू शकतो.

गैरसमज : पाकळ्यांत भरपूर ‘क’ जीवनसत्त्व असते.
वस्तुस्थिती : ते असते फूल गळल्यावर धरणाऱ्या फळात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रानगुलाबाची ही फळे गोळा करून मुलांसाठी सिरप केले जाई.

गैरसमज : स्वस्त कुपीतले गुलाबतेल शुद्ध असते.
वस्तुस्थिती : एक किलो तेलाला तीन-चार हजार किलो फुले लागतात. स्वस्त भावावरूनच खोटे तेल ओळखता येते.

अंगणात जागा असेल तर फवारणी न करता गावठी गुलाबाचे एक झाड जरूर लावा. गुलकंद चमचाभर, आवडीने खा. आजारावरचे उपचार मात्र त्याच्या भरवशावर थांबवू नका.